धुरांड्यातलं पाणी

कुवेतमध्ये हिवाळ्यात घरं गरम ठेवावी लागतात, असं मी सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर सांगायची तेव्हा घरातले हसायचे. उन्हाळ्यात जिथे मोटारीच्या दाराला हात लावता येत नाही, तिथे कसलं आलंय हीटिंग, असं त्यांना वाटे. पण डिसेंबर संपता संपता वाळवंटावरून वारा सुटला की हवल्लीतल्या आमच्या इमारतीत फरशीवर पाय ठेववत नसे. आम्ही साधी माणसं रॉकेलच्या शेगडीवर भागवायचो. मोठ्या इमारतींत आणि हॉस्पिटलांत बॉयलर असायचे. एका खोलीत पाणी तापायचं, नळ्यांमधून इमारतभर फिरायचं, खोल्या गरम करून परत बॉयलरकडे यायचं. हे सगळं मला द्वारकावहिनींमुळे कळलं. नाहीतर मी आपली नर्स. गरम पाण्याशी माझा संबंध शेकायच्या पिशवीपुरता.

द्वारका सुर्वे आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान विश्वास सुर्वे माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते, म्हणून त्या माझ्या वहिनी. मूळच्या चिपळूणजवळच्या पोफळीच्या. वडील तिथल्या वीजघरात हेल्पर होते. साहेबांनी फेकून दिलेले नकाशे ते घरी आणत आणि पुस्तकांना कव्हरं घालायला मुलीला देत. वहिनी म्हणायच्या, "भूगोलाच्या पुस्तकावर पाण्याचा बोगदा, गणितावर टर्बाईन. आतलं वाचायचा कंटाळा आला की मी बाहेरचं बघत बसायची." मॅट्रिकनंतर त्यांनी हट्टाने रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात त्या धरून दोन मुली.

लग्नानंतर १९७६ साली त्या कुवेतला आल्या. दोन वर्षं घरात बसल्या, रेखा झाली, आणि मग एक दिवस विश्वासभाऊंनी राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका कंपनीची जाहिरात कापून आणली. बॉयलर, एअर कंडिशनिंग आणि नळकामाची कंत्राटं घेणारी कंपनी होती. ट्रेसर हवा होता. इंजिनिअर पेन्सिलीने कच्चं काढणार आणि ट्रेसरने ते ट्रेसिंग कागदावर शाईने पक्कं करायचं, इतकंच काम. वहिनींनी जागेवरच एक नमुना काढून दाखवला. कागदपत्रांना चार महिने गेले, पण नोकरी मिळाली.

राईत त्या कंपनीची लांबलचक शेड होती. खाली पत्रे वाकवायचा आणि पाइप कापायचा कारखाना, वर लाकडी जिना चढून ऑफिस. वहिनींचं टेबल खिडकीपाशी. अमोनियाच्या वासाची प्रिंट काढायची मशीन त्यांच्या मागे. संध्याकाळी घरी आल्या की बोटांना शाई आणि पदराला अमोनिया. रेखा नाक दाबून म्हणायची, "मम्मी, यू स्मेल."

चूक झाली तर शाई ब्लेडने खरवडून काढायची असे. त्यामुळे उजव्या हाताच्या तर्जनीवर कायम एक तरी काप असायचा. पट्टी लावायला त्या माझ्याकडे येत आणि पाच मिनिटांत मला पाइप, पंप, व्हॉल्व्ह असं काहीबाही सांगून जात. निम्मं मला कळत नसे. पण त्यांना सांगायला कुणीतरी लागे. ऑफिसात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

फक्त एक माणूस बोलायचा. शत्रुघ्न नावाचा फिटर फोरमन, मालवणजवळच्या देवबागचा. बायकोमुलं गावी, हा पाच वर्षं कंपनीच्या कॅम्पात. ड्रॉइंगची प्रिंट न्यायला वर आला की तो वहिनींच्या टेबलाशी थांबे. "मॅडम, ह्यो व्हॉल्व्ह खय इलो?" असं विचारी, आणि वहिनी पेन्सिलीने दाखवत. सुट्टीवरून आला की कोकमाच्या आगळाची बाटली आणून द्यायचा. वहिनी त्याला शुक्रवारी जेवायला बोलावत, तो कधीच आला नाही. लाजायचा.

१९८३च्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, कारण तिथे तेव्हा आकाशातून आग पडत होती, कंपनीला एक वेगळं काम मिळालं. दक्षिणेला खैरानच्या बाजूला, समुद्राकाठी, एका डॉक्टरने अपघात आणि पक्षाघातातून उठणाऱ्या रुग्णांसाठी केंद्र बांधायला घेतलं होतं. वीस खोल्या आणि मध्ये कोमट पाण्याचा मोठा हौद. त्या पाण्यात उभं राहून रुग्णांनी हातपाय हलवायचे. डॉक्टर युरोपात शिकलेला. त्याला तिकडे नुकतेच निघालेले, कमी इंधनात जास्त उष्णता देणारे बॉयलर हवे होते. इंधन स्वस्त असलेल्या देशात हे कशाला, असं ऑफिसात सगळे म्हणत. पण तिथे गॅसची टाकी टँकरने भरावी लागणार होती आणि रस्ता लांबचा होता. टँकर जितका कमी यावा लागेल तितकं बरं, असा त्याचा हिशोब.

बॉयलरबरोबर एक जाड पुस्तक आलं. सगळं जर्मनमध्ये. पण जागोजागी चित्रं होती. हे चालेल, त्याला टिकमार्क. हे चालणार नाही, त्याच्यावर फुली. वहिनी चित्रं बघत बघत ट्रेसिंग करू लागल्या.

या कामाचा इंजिनिअर हुसेन. पॅलेस्टिनी माणूस, चाळिशीचा, हुशार आणि सदा घाईत. त्याच्याकडे तेव्हा चार कामं होती. ड्रॉइंग जायच्या आदल्या दिवशी कळलं की बॉयलरच्या खोलीतली एक तुळई मूळ नकाशापेक्षा बरीच खोल ओतली गेली आहे. बॉयलरमधून निघून छताजवळून जाणारं धुरांडं थेट तिच्यावर आपटत होतं.

"बीमखालून घ्या," हुसेन उभ्याउभ्याच म्हणाला. "खाली आणा, पलीकडे पुन्हा वर."

"सर, पुस्तकात एक चित्र आहे..."

"उद्या दहा वाजता ड्रॉइंग साइटवर पाहिजे." आणि तो जिना उतरला सुद्धा.

ते चित्र वहिनींनी पाहिलेलं होतं. त्यात धुरांडं मधेच झोळीसारखं खाली वाकलेलं होतं आणि त्याच्यावर जाडजूड फुली होती. फुली का, ते जर्मनमध्ये लिहिलं होतं. त्या पाच मिनिटं पुस्तक उघडं ठेवून बसल्या. मग त्यांनी ब्लेड घेतलं, सरळ रेषा खरवडली आणि झोळी काढली. कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणार' पुढे स्वतःची आद्याक्षरं घातली, 'तपासणार' पुढे हुसेनची सही झाली, आणि प्रिंट घेऊन शत्रुघ्न खैरानला गेला.

डिसेंबरात केंद्र सुरू झालं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात थंडी पडली आणि बॉयलर अडला. बर्नर पेटायचा, थोडा वेळ नीट जळायचा, मग गुदमरल्यासारखा आवाज करून लाल दिवा लागून बंद पडायचा. बटण दाबलं की पुन्हा पेटायचा, पुन्हा बंद. दोन वेळा सर्व्हिसची माणसं गेली. गॅसचा दाब पाहिला, पंखा पाहिला, सगळं ठीक. खोल्या गार, हौद गार. डॉक्टर कंपनीच्या मॅनेजरवर, ज्याला सगळे मुदीर म्हणत, फोनवर ओरडला. मुदीरने माणूस पाठवून चौकशी केली. त्या माणसाला धुरांड्याच्या सांध्यांना गंज आणि ओल दिसली. त्याने रिपोर्ट लिहिला की फिटिंग वाईट आहे.

एका बुधवारी वहिनी पट्टी लावायला वर आल्या. चेहरा उतरलेला.

"शत्रुघ्नला घरी पाठवतायत," त्या म्हणाल्या. "इकाम्याचा परवाना रद्द करायचे कागद टाइप झाले आज. मी टायपिस्टच्या टेबलावर पाहिले."

"त्याने चूक केली असेल तर..." मी म्हटलं.

"त्याने ड्रॉइंगप्रमाणे केलंय, कुसुम. ड्रॉइंग माझं आहे."

मग त्यांनी मला ते फुलीचं चित्र सांगितलं. पुढे म्हणाल्या, "मला अजून नक्की कळलेलं नाही ती फुली कशासाठी. पण फुली होती. मी बघितली होती."

त्यांना झोप लागत नव्हती हे विश्वासभाऊंनी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात सांगितलं. आमच्याकडे जर्मनीत काही वर्षं काढलेली एक केरळची सिस्टर होती. वहिनींनी पुस्तकाच्या त्या पानाच्या अक्षरांची हुबेहूब नक्कल करून चिठ्ठी दिली होती. ती मी सिस्टरला दाखवली. तिने वाचून सांगितलं, "लिहिलंय की ह्या बॉयलरच्या धुरातून पाणी निघतं. ते परत बॉयलरकडे वाहत आलं पाहिजे आणि तिथून बाहेर गेलं पाहिजे. मधे कुठे साचता कामा नये."

मी ते वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग विश्वासभाऊंना म्हणाल्या, "उद्या शुक्रवार. मला खैरानला न्याल का?"

विश्वासभाऊ मवाळ माणूस. बायकोला तिच्या कामाबद्दल ते कधी फारसं विचारत नसत, पण अडवतही नसत. "गाडीत तेल घालून ठेवतो," एवढंच म्हणाले.

मीही गेले. सहल म्हणून रेखाला घेतलं, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. शहर संपलं की दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं माळरान आणि विजेच्या तारा. वारा इतका की गाडी एका अंगाला जायची. वहिनी पुढच्या सीटवर पर्समध्ये गुंडाळलेली प्रिंट घेऊन बसल्या होत्या.

केंद्राच्या दारात शत्रुघ्नच भेटला. तो तिथल्याच पत्र्याच्या खोलीत राहत होता. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर. वहिनींना बघून तो हसला नाही.

"मॅडम, तुमी हय?"

"बॉयलर बघायला आले. त्या बीमखालचा जोड उघडता येईल का, शत्रुघ्न?"

"उघडून काय करतलास? सगळ्यांनी बघून झाला. माझीच फिटिंग वायट, असा लिवन पण दिल्यानी."

"उघडा तरी."

त्याने एकदा वहिनींकडे, एकदा विश्वासभाऊंकडे पाहिलं आणि पाना आणला. शिडीवर चढून त्याने झोळीच्या सगळ्यात खालच्या जागेचा पट्टा सैल केला. पहिल्यांदा एक धार आली. मग जोड सुटला आणि भसकन तांबूस पाणी खाली आलं. बादली भरली, दुसरी आणेपर्यंत फरशीवर थारोळं झालं. शत्रुघ्न शिडीवर तसाच उभा राहिला.

"धुराच्या पायपात पाणी? खयसून इला?"

वहिनींनी ओल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. कापावर झोंबलं होतं. "आंबट आहे, लिंबाच्या पाण्यासारखं," त्या म्हणाल्या. "भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब येतात ना, तसं आहे हे. जुन्या बॉयलरचा धूर इतका गरम असायचा की त्यातली वाफ तशीच बाहेर जायची. हा बॉयलर धुरातली उष्णता काढून घेतो. धूर निवतो आणि वाफेचं पाणी होतं. ते पाणी इथे साठलं, धुराला वाट उरली नाही, म्हणून बर्नर गुदमरतोय. पत्राही ह्यानेच खाल्ला."

शत्रुघ्न शिडीवरून उतरला.

"तुमची चूक नाही," वहिनी म्हणाल्या. "ही झोळी मी काढली. पुस्तकात नको म्हणून लिहिलेलं होतं."

वहिनींना वाटलं होतं तो निवांत होईल. तो भडकला.

"मगे काढलास कित्याक? पंधरा दिस सगळे माका शिव्या घालतत. गावाक बायलेक पत्र धाडलंय, येतंय म्हणून." त्याने पाना फरशीवर टाकला. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "लायताना माकाय बरा वाटला नाय. पायप असो खाली-वर कोण घालता? पण ड्रॉईंगात होता. इचारतलंय कोणाक?"

वहिनींनी पाना उचलून त्याच्या हातात दिला. "मलाच विचारायचं," असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नव्हता, असं त्या नंतर मला म्हणाल्या. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मी तेवढा वेळ रेखाला घेऊन हौदाच्या दालनात थांबले होते, तिथे त्या हात पुसत आल्या. दालनात चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली होती. अंगावर काळा अबाया, त्यावर दोन ब्लँकेटं. रहिमा तिचं नाव. डावी बाजू पक्षाघाताने गेलेली. तिचे वडील मोत्यांचे व्यापारी होते आणि तिचं लहानपण मुंबईत महंमदअली रोडला गेलेलं, त्यामुळे हिंदी बोलायची. आम्हाला बघून तिला फार आनंद झाला होता. गेला अर्धा तास ती मला मुंबईतल्या फालुद्याबद्दल सांगत होती. वहिनींचे तांबडे हात बघून तिने विचारलं, "मशीनवाली हो क्या, बेटी? ये पानी कब गरम होगा? मेरा पैर दस दिन से सो गया है."

वहिनी खाली बसल्या. "आठ दिन में," त्या म्हणाल्या.

"मुदीरला न विचारता आठ दिवस सांगून टाकलेस तू," गाडीत बसल्यावर विश्वासभाऊ म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. परतीच्या वाटेवर डबा उघडायची कुणाला आठवण राहिली नाही.

शनिवारी ऑफिसात काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. त्या आधी मुदीरकडे गेल्या नाहीत, हुसेनच्या टेबलाशी गेल्या. पुस्तकाचं पान, सिस्टरकडून आणलेला अर्थ आणि तांबूस पाण्याची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"तुम्ही साइटवर गेलात? कुणाला विचारून?" हुसेन म्हणाला.

"कुणालाच नाही. सर, तुम्ही बीमखालून घ्या म्हणालात. पण फुली मी बघितली होती आणि काढलं मीच. शत्रुघ्नने जे कागदावर होतं तेच केलं. मी हे मुदीरना सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

हुसेनने बाटली हातात घेऊन हलवली. त्याने एक सिगारेट पेटवली, ती निम्मी ओढून विझवली. त्याचं कुटुंबही तिथल्या परवान्यावरच राहत होतं, परत जायला त्याला देश नव्हता. हे वहिनींना माहीत होतं, आणि तो गप्प राहिला असता तर मी त्याला दोष दिला नसता, असं त्या म्हणायच्या. पण तो उठला. म्हणाला, "त्या चौकटीत माझी सही आहे. चला."

मुदीरच्या खोलीत हुसेन दहा मिनिटं अरबीत बोलला. वहिनींना बाजारापुरतंच अरबी येई. त्या बोलण्यातला एकच शब्द त्यांना सारखा ऐकू येत होता, "अना". म्हणजे 'मी'. मधे एकदा मुदीरने वहिनींकडे बोट करून काहीतरी विचारलं, हुसेनने मान हलवली आणि पुन्हा तोच शब्द म्हणाला.

शत्रुघ्नचे कागद फाडले गेले. हुसेनची त्या वर्षीची बढती गेली. वहिनींना ताकीद देणारं पत्र मिळालं, इंग्रजीत, एका पानाचं. परवानगीशिवाय साइटला गेल्याबद्दल आणि निर्मात्याच्या सूचना नजरेआड केल्याबद्दल. घरी आणून त्यांनी ते मला वाचून दाखवलं. पत्राचा मजकूर त्यांना मान्य होता.

दुरुस्तीचं ड्रॉइंग हुसेनने त्यांनाच काढायला सांगितलं आणि या वेळी तो शेजारी खुर्ची घेऊन बसला. धुरांडं आधी छताकडे चढवायचंच नाही, बॉयलरमधून निघाल्यापासून तुळईच्या खालूनच न्यायचं आणि बाहेरच्या भिंतीपर्यंत सारखं चढतं ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी आपोआप बॉयलरकडे परत येईल. वाटेत गरम पाण्याच्या नळ्या होत्या, त्या फूटभर खाली घ्याव्या लागणार होत्या. साध्या पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील. बॉयलरच्या तळातून पाणी काढायला प्लॅस्टिकची नळी, आणि ते आंबट पाणी गटारात जाण्याआधी चुनखडीच्या खड्यांतून न्यायचं.

शत्रुघ्न प्रिंट न्यायला वर आला. त्याने उभ्याउभ्याच सगळी रेष बोटाने तपासली आणि एका जागी थांबला. "हय चढ कमी पडतलो. पायप लांब आसा."

हुसेनला मराठी कळेना. वहिनींनी सांगितलं. त्याने मोजपट्टी लावली, शत्रुघ्नचं खरं निघालं. वहिनींनी ब्लेड काढलं.

पाणी गरम व्हायला आठांऐवजी अकरा दिवस लागले. स्टेनलेस स्टीलच्या वाकड्या तुकड्यांसाठी थांबावं लागलं. बाराव्या दिवशी केंद्रातल्या नर्सने हॉस्पिटलात मला फोन करून रहिमाबाईंचा निरोप दिला की हिशोबात तुमची मैत्रीण कच्ची आहे.

बॉयलर आता बंद पडत नव्हता. पण डॉक्टरची तक्रार राहिलीच. गॅसचा टँकर सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळा येत होता. मुदीर म्हणाला, युरोपातले आकडे युरोपात ठेवा. वहिनींना मात्र ते डोक्यातून जाईना. फेब्रुवारीत हुसेनने त्यांना स्वतःच्या गाडीतून साइटवर नेलं, या वेळी रीतसर परवानगीने. बॉयलरच्या खोलीत त्यांनी तळातली ती प्लॅस्टिकची नळी पाहिली. कोरडी.

"थेंबच पडत नाही," त्या म्हणाल्या.

"बरंच आहे की," हुसेन म्हणाला.

"बरं नाही, सर. थेंब पडला तर त्या वाफेतली उष्णता आपल्याला मिळाली. थेंब नाही म्हणजे ती बाहेर गेली." त्यांनी इमारतीतून परत येणाऱ्या नळीवर हात ठेवला आणि लगेच काढला. चटका बसला. धूर निवायचा कशावर, तर ह्या परत आलेल्या पाण्यावर. तेच इतकं कढत असेल तर धूर निवणार कसा आणि थेंब येणार कुठून? सुरुवातीला बॉयलर सारखा अडत होता तेव्हा हे पाणी गारच परत येई, म्हणून तेवढं पाणी साचलं होतं.

घरी येऊन त्या आमच्याच जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसल्या. मूळ आखणीत बॉयलरचं पाणी दोन वाटांनी जायचं. एक खोल्यांकडे, एक हौदाकडे, आणि दोन्ही वाटा वेगवेगळ्या परत यायच्या. वहिनींनी खोल्यांमधून परत येणारं पाणी आधी हौदाच्या तापवणीतून, म्हणजे हौदाचं पाणी तापवणाऱ्या नळ्यांमधून, फिरवलं. हौद कोमटच ठेवायचा असतो, त्यामुळे त्याला ते निम्मं निवलेलं पाणी पुरेसं होतं. तिथे ते आणखी निवणार आणि मग बॉयलरकडे येणार. सगळा बदल मिळून नळीचे चार तुकडे आणि दोन व्हॉल्व्ह.

हुसेनने त्यावर दोन दिवस आकडेमोड केली. त्याने हौदाची तापवणी थोडी मोठी केली, बाकी तसंच ठेवलं. मार्चमध्ये शत्रुघ्नने ते काम पुरं केलं आणि ऑफिसात फोन लावून वहिनींना बोलावून घ्यायला सांगितलं. टायपिस्टने फोन दिला.

"वयनी," तो म्हणाला. आत्तापर्यंत मॅडम म्हणायचा. "पडता हा. ठिप ठिप पडता हा. बादलेक आवाज येता."

पुढच्या हिवाळ्यात टँकरच्या फेऱ्या जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाल्या. डॉक्टरने आपल्या दोन मित्रांकडे कंपनीचं नाव सांगितलं आणि तसले बॉयलर आणखी तीन ठिकाणी बसले. सगळ्यांची ड्रॉइंग वहिनींकडे. १९८५ मध्ये त्यांचा हुद्दा ट्रेसरवरून ड्राफ्ट्समन झाला. हुसेन आता कच्चं ड्रॉइंग टेबलावर टाकून जात नसे. "यात काय चुकतंय?" असं विचारून थांबायचा. कधीकधी काही चुकलेलं नसे, आणि वहिनी तसं सांगत.

शत्रुघ्न १९८६ला कायमचा गावी गेला. जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी तो पहिल्यांदा सुर्व्यांकडे जेवायला आला. वहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. रेखाने त्याला इंग्रजीत विचारलं की त्याच्या गावात स्विमिंग पूल आहे का. विश्वासभाऊंनी अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, "आसा मगे. घराच्या दोनय बाजूक आसा." एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. त्या पंधरा दिवसांचा विषय त्याने काढला नाही, वहिनींनीही नाही. दारातून निघताना मात्र थांबून म्हणाला, "माझ्या बायलेन इचारल्यान, तुका सोडवल्यानी ती कोण? मी सांगलंय, जेणी अडकवलेली तीच." आणि जिना उतरून गेला. वहिनी हसल्या, मग आत जाऊन भांडी घासत बसल्या. मी मदतीला गेले तर मला परत पाठवलं.

रेखाच्या पुढच्या शिक्षणासाठी १९८८च्या उन्हाळ्यात सुर्वे कुटुंब पुण्याला परतलं. मी अजून काही काळ राहिले. पुण्यात वहिनींनी चार कारखान्यांत अर्ज केले. दहा वर्षांचा अनुभव ऐकून माणसं भारावत आणि पदवी विचारून गप्प होत. शेवटी मुलींच्या एका तंत्रनिकेतनात त्यांना तासिका तत्त्वावर ड्रॉइंग शिकवायचं काम मिळालं.

त्यांचं पत्र आलं त्यात पहिलं पान रेखाच्या ॲडमिशनचं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मुली रेषा सुरेख काढतात, पण ती रेष म्हणजे काय हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. कॉलेजात बॉयलर नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या धोबीखान्यात एक आहे. तिथला ऑपरेटर पुंडलिक नावाचा तिरसट गृहस्थ आहे. इतक्या पोरी आत घेणार नाही, काही भाजलं-बिजलं तर कोण निस्तरणार, म्हणाला. "मी मुलींना बाहेर पायरीवर बसवलं आणि मीही बसले. चार वाजता त्याची चहाची वेळ झाली, तेव्हा त्याला दार उघडावंच लागलं. एकेका मुलीला परत येणाऱ्या नळीवर हात ठेवायला लावला. पुंडलिकने ते बघितलं आणि विचारलं, बाई, ती नळी इतकी तापते ते बरं की वाईट? आमची तर कायमच तापते. मी त्याला म्हटलं, बसा, सांगते."

पत्राच्या तळाशी जागा उरली नव्हती, म्हणून सही उभी केली होती, समासात.